आवतण देवाचं, हप्ता पाळकाचा

अमेरिकेच्या शिक्षण खात्याकडे एक यादी आहे. उच्च शिक्षण घेणाऱ्यांपैकी ‘प्रोफेशनल’ कुणाला म्हणायचं, याची. तिच्यात डॉक्टर आहेत, दंतवैद्य आहेत, वकील आहेत, औषधशास्त्रवाले आहेत, गुराढोरांचे डॉक्टर आहेत, पाठीची हाडं कडाकड वाजवणारे कायरोप्रॅक्टर आहेत. आणि चर्चचे पाळक आहेत. नर्स नाहीत.

२०२५ च्या अखेरीस खात्याच्या समितीने हा मसुदा मान्य केला आणि नर्सच्या संघटना खवळल्या. खवळायलाच हव्या होत्या. रात्रभर सलाइन बदलणारी बाई प्रोफेशनल नाही आणि सकाळी येऊन डोक्यावर हात ठेवणारा प्रोफेशनल, हे गणित कुणालाही झोंबेल. खात्याने खुलासा केला, की हा मानपानाचा प्रश्न नाही, फक्त कर्जाच्या मर्यादेचा आहे. त्या वर्षीच्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नवं कर्ज घेणाऱ्या साध्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सरकारकडून वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण १ लाख. प्रोफेशनल असाल तर वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख.

म्हणजे पाळकाला सर्जनइतकं कर्ज काढता येतं. अभिनंदन!

आता पगार बघा. अमेरिकेत पाळकांचा मधला पगार वर्षाला ६० हजार डॉलरच्या आसपास घुटमळतो. म्हणजे निम्म्या पाळकांना त्याहून कमीच. नोंदणीकृत नर्सचा मधला पगार याच्यापेक्षा बराच वर आहे. जी जास्त कमावते तिला कर्ज कमी, जो कमी कमावतो त्याला जास्त. सावकारी शास्त्रात हे बसत नाही. ईश्वरविद्येत बसत असेल.

पाळकाला शिकायला लागतं तरी काय, असं विचारणारे भेटतील. भरपूर लागतं. प्रेस्बिटेरियन, लुथरन, एपिस्कोपल अशा जुन्या पंथांत पाळक व्हायचं तर साधारणपणे आधी चार वर्षांची पदवी आणि तिच्यावर तीन वर्षांची ‘मास्टर ऑफ डिव्हिनिटी’. हिब्रू, ग्रीक, मंडळीचा म्हणजे चर्चचा इतिहास, उपदेशाचं शास्त्र, मरणाऱ्याच्या खाटेशी बसून काय बोलावं आणि मुख्य म्हणजे काय बोलू नये, याचं इस्पितळातलं प्रशिक्षण. हे सगळं शिकलेला माणूस मला हवा आहे. अर्धवट शिकलेला पुढारी परवडतो, कारण त्याला पाच वर्षांनी बदलता येतं. अर्धवट शिकलेला धर्मोपदेशक पिढ्या बिघडवतो.

तेव्हा तक्रार शिक्षणाची नाही, बिलाची आहे. आपल्याकडे लग्नाचं आवतण ज्याच्या घरून येतं, पंगत त्याच्याच खर्चाने उठते. इथे मात्र आवतण देवाकडून आलं, अक्षता मंडळीने दिल्या, वरातीत सगळे नाचले आणि पंगतीचं बिल नवरदेवाच्या हातात. तेही सव्याज.

बिल हातात पडलेला पाळक मग करतो काय? जिथे फेडता येईल तिथे जातो. नेब्रास्कातल्या एखाद्या खेड्यात चर्च आहे, चाळीस म्हातारी माणसं आहेत, छताला गळती आहे, आणि मनापासून प्रार्थना आहे की आमच्याकडे कुणीतरी तरुण पाळक पाठव. प्रार्थना वर पोचतेही. खाली येताना ती कर्जखात्याच्या टेबलावर अडकते. कारण त्या चाळीस जणांच्या अर्पणातून घरभाडं निघेल, औषधपाणी निघेल, हप्ता निघणार नाही. म्हणून देव नेब्रास्काला बोलावतो आणि हप्ता डॅलसच्या उपनगराकडे ढकलतो, जिथे चर्चला कॉफीबार आहे आणि पार्किंगला तीन मजले. उपनगराचे लोक म्हणतात, देवाने तुम्हाला आमच्याकडे पाठवलं. पाळक सौजन्याने मान डोलवतो.

त्यात अमेरिकन कराची एक गंमत. सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीपुरता पाळक हा नोकर नसतो, स्वयंरोजगारी असतो. म्हणजे इतरांच्या बाबतीत जी वर्गणी अर्धी मालक भरतो ती पाळकाने पूर्ण भरायची, १५.३ टक्के. मालक देव असल्यावर त्याच्याकडून अर्धी वसूल कशी करणार, असा विचार झाला असावा.

यावर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं: संत पौल तंबू शिवून पोट भरायचा. भरायचा ना. पण तंबू शिवायला शिकण्यासाठी त्याने तार्ससच्या बँकेत घर गहाण टाकलेलं नव्हतं. आणि पौलाचा दाखला देणारे वडीलधारे स्वतः निवृत्तिवेतनावर असतात, हेही लक्षात घ्या.

सरकारने दया दाखवली नाही असं नाही. २००७ साली एक योजना आली. सार्वजनिक सेवेत पूर्णवेळ काम करा, १२० हप्ते भरा, उरलेलं कर्ज माफ. शिक्षक, अग्निशामक, धर्मादाय संस्थांचे कर्मचारी, सगळ्यांना. चर्चही धर्मादाय संस्थाच. पण नियमात मेख होती. पूर्णवेळ काम मोजताना धर्मशिक्षण, उपासना आणि धर्मप्रसार यांत गेलेले तास धरायचे नाहीत. म्हणजे पाळकाने भुकेल्याला सूप वाढलं तर तो तास हिशेबात. सूप वाढून झाल्यावर त्याच्याबरोबर प्रार्थना केली तर तो तास बाद. आता सांगा, अंत्यविधीला गेलेला पाळक विधवेचं सांत्वन किती मिनिटं करतो आणि उपासना किती मिनिटं, हे स्टॉपवॉच कुणी लावायचं? जुलै २०२१ पासून ही मेख काढली गेली. आता उपदेशही सार्वजनिक सेवेत मोडतो. काही उपदेश ऐकल्यावर त्याबद्दल शंका येते, पण ते असो.

माफी मिळते, हे छान. पण ती दहा वर्षं हप्ते भरल्यावर मिळते. आणि तिचा अर्थ काय होतो, तर चर्चने आपल्या पाळकाच्या शिक्षणाचा खर्च करदात्याच्या खिशात सरकवला. त्या करदात्यात नास्तिक आले, ज्यू आले, हिंदू आले, न्यू जर्सीतले आपले जोशी-कुलकर्णीही आले. धर्म आणि सरकार यांच्यात भिंत हवी म्हणून दोनशे वर्षं भांडणाऱ्या देशात भिंतीला हे भोक बरोबर पाकिटाएवढं पडलं.

कॅथलिकांकडे मामला आणखी रंगतदार. धर्मप्रांतासाठी धर्मगुरू व्हायला निघालेल्या मुलाच्या सेमिनरीचा, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयाचा, भार बहुतेक वेळा धर्मप्रांतच उचलतो. पुण्यातली पेपल सेमिनरी घ्या. १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ती श्रीलंकेतल्या कँडीत काढली, १९५५ मध्ये ती पुण्याला आली. तिथे किंवा गोव्यात राशोलला शिकणारा मुलगा बँकेच्या मॅनेजरपुढे हमीदार घेऊन बसलेला दिसणार नाही. पण अमेरिकेत संन्यस्त संघात जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींची अडचण वेगळी. ती येतात कॉलेज संपवून, म्हणजे कर्ज घेऊनच. आणि बहुतेक संघांचा शिरस्ता असा, की डोक्यावर कर्ज असेल तर आत येता येत नाही. साहजिक आहे. आत गेल्यावर पगार नाही, मग हप्ता कोण भरणार?

म्हणजे बघा हं: गरिबीचं व्रत घ्यायचंय, तर आधी पैसे जमवून या. दारिद्र्य पत्करण्यासाठी किमान ऐपत आवश्यक!

यातून वाट काढायला लाबूरे सोसायटी नावाची एक संस्था तिकडे आहे. ती देणग्या उभ्या करून अशा इच्छुकांचं विद्यार्थी-कर्ज फेडायला मदत करते, म्हणजे पोरगी कॉन्व्हेंटमध्ये जायला मोकळी. मला हसू येतं आणि आदरही वाटतो. सरकारची यादी, बँकेचं व्याज आणि संघाचा नियम या तिघांच्या मधून कुणीतरी एक माणूस सोडवून आणतंय.

पण हे दुखणं आजचं नाही. आणि त्याची एक मुळी आपल्या अहिल्यानगरपर्यंत, म्हणजे जुन्या नगरपर्यंत येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८०७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये अँडोव्हर सेमिनरी स्थापन झाली. पदवीनंतर पाळक घडवणारी अमेरिकेतली ही आद्य संस्था म्हणायला हरकत नाही. विल्यम बार्टलेटसारख्या धनाढ्य व्यापाऱ्यांनी थैल्या मोकळ्या केल्या, आणि विद्यार्थ्यांना शिकवणीची फी नव्हती. गॉर्डन हॉल हा तिथलाच. १८१३ मध्ये तो सॅम्युएल नॉटबरोबर मुंबईला उतरला. मराठी शिकला, आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८२६ मध्ये नाशिकहून परतताना वाटेत पटकीने गेला. पुढे १८३१ मध्ये याच मिशनने नगरला ठाणं दिलं. त्यानंतरच्या शाळा, छापखाने, मराठी पुस्तकं हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच, की हॉलच्या डोक्यावर आजच्यासारखं कर्ज असतं तर तो मुंबईच्या जहाजात चढला नसता. बोस्टनमधली एखादी चांगल्या पगाराची, चांगल्या शेगडीची मंडळी बघून तिथेच स्थिरावला असता.

थांबा, फार भारावू नका. अँडोव्हरच्या देणगीदारांनी पैसे दिले आणि सोबत काय मानायचं याची एक श्रद्धापत्रिकाही दिली. प्रत्येक प्राध्यापकाने तिच्यावर सही करायची आणि दर पाच वर्षांनी ती पुन्हा मान्य करायची. देव बदलत नाही हे मान्य, पण प्राध्यापक बदलेल ही भीती. देणगीदार मेले, त्यांची मुलं मेली, अट जिवंत राहिली. १८८० च्या दशकात काही प्राध्यापक जरा मोकळा विचार करू लागले, तर त्यांच्यावर त्या श्रद्धापत्रिकेपासून ढळल्याचा ठपका ठेवून चौकशी लागली. आधी फुकट शिकवायचं, मग मोकळा विचार करू द्यायचा नाही.

दुसरी तऱ्हा बोस्टनची. १८१५ मध्ये गरीब पण होतकरू तरुणांना पाळक होण्यासाठी मदत करणारी एक संस्था निघाली, पुढे तिचं नाव अमेरिकन एज्युकेशन सोसायटी झालं. आधी ती मदत म्हणून पैसे देत असे. मग १८२० च्या दशकात कुणाच्या तरी लक्षात आलं की फुकटाने माणूस मिंधा होतो, त्याचा बाणा जातो. तेव्हा मदतीचं रूपांतर कर्जात झालं. शेतकऱ्याच्या पोराने वचनचिठ्ठी लिहून द्यायची: पाळक झालो की फेडीन. म्हणजे स्वावलंबन!

दोनशे वर्षं होत आली, वाक्य तेच आहे. फुकट दिलं की किंमत राहत नाही. हे कोण म्हणतं, तर ज्याला स्वतःला सगळं वडिलांकडून मिळालं आहे तो.

देणगीच्या अटींचं दुसरं उदाहरण टेक्सासचं. सदर्न बॅप्टिस्टांनी १९२५ मध्ये एक शहाणपणाची योजना सुरू केली. देशभरच्या मंडळ्यांनी आपल्या अर्पणातला वाटा एका सामाईक निधीत टाकायचा, त्यातून मिशनचं काम चालवायचं आणि सेमिनऱ्यांना पैसा द्यायचा. आज त्यांच्या सहा सेमिनऱ्या आहेत आणि आपल्या पंथाच्या विद्यार्थ्याला त्या बरीच कमी फी लावतात. ज्यांना पाळक हवेत त्यांनीच ते घडवण्याचा खर्च वाटून घ्यायचा, यापेक्षा सरळ व्यवहार मला दिसत नाही. पण १९८० च्या दशकात पंथाची सूत्रं कडव्यांच्या हाती गेली, आणि मार्च १९९४ मध्ये फोर्ट वर्थच्या सेमिनरीचे अध्यक्ष रसेल डिल्डे यांना विश्वस्तांनी बडतर्फ केलं. त्याच दिवशी त्यांच्या कार्यालयाची कुलपं बदलली. सामाईक निधी होता, किल्ली सामाईक नव्हती.

म्हणून काही शहाणे म्हणतात, त्यापेक्षा बँक बरी. बँक निदान तुमची श्रद्धा तपासत नाही. खरं आहे. बँक त्रैक्याबद्दल विचारत नाही, फक्त हप्त्याची तारीख विचारते. पण एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळं त्यातच आहे. देणगीदाराच्या अटी असह्य झाल्या तर माणूस राजीनामा देऊ शकतो. कर्जाचा राजीनामा देता येत नाही. अमेरिकेत तर विद्यार्थी-कर्ज दिवाळखोरी जाहीर करूनही सहजी सुटत नाही. जुगारात बुडालेल्याला कोर्ट मोकळं करतं, ग्रीक शिकलेल्याला करत नाही.

असा राजीनामा देता येण्याचं आपल्याकडचं उदाहरण नारायण वामन टिळकांचं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. गोऱ्या मिशनच्या पगारावर राहून आपल्या मातीतला ख्रिस्त मांडायचा, ही ओढाताण त्यांनी बरीच वर्षं सोसली. १९१७ मध्ये तो पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे आणि त्याचा घोर पत्नी लक्ष्मीबाईंना असे, हे त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कुणालाही सांगायला नको. तरी ते पगार सोडू शकले. महिन्याच्या पाच तारखेला सेमिनरीच्या कर्जाचा हप्ता वळता होत असता, तर टिळकांनी दरबार मांडला असता की ओव्हरटाइम मागितला असता, हे लक्ष्मीबाईंनाच विचारायला हवं होतं.

आता बड्या घरांकडे वळू. कारण अमेरिकेत सगळ्याच सेमिनऱ्या गळक्या छताच्या नाहीत. प्रिन्स्टन सेमिनरीच्या ठेवी १०० कोटी डॉलरच्या वर आहेत. गुलामगिरीच्या पैशाशी आपल्या तिजोरीचा संबंध होता हे तिने स्वतःच तपासून मान्य केलं आणि २०१९ मध्ये भरपाई म्हणून २ कोटी ७६ लाख डॉलर बाजूला काढले, त्यात गुलामांच्या वंशजांसाठी शिष्यवृत्त्याही आल्या. येल डिव्हिनिटी स्कूलने २०२२ पासून ज्याला गरज आहे अशा प्रत्येक विद्यार्थ्याची शिकवणीची फी पूर्ण माफ केली. चांगलंच केलं. टाळ्या. मात्र टाळ्या वाजवताना लक्षात असू द्या, की फी गेली तरी घरभाडं उरतं, आरोग्य विमा उरतो, दोन पोरं असतील तर त्यांचं दूध उरतं. आणि तिशी-चाळिशीत नोकरी सोडून पाळक व्हायला निघालेल्यांना पोरं असतात.

आणि ज्या अँडोव्हरने फीविना शिकवायला सुरुवात केली, तिचं काय झालं? ती पुढे न्यूटनला गेली, तिथल्या बॅप्टिस्ट सेमिनरीशी एकत्र झाली, मग पैसे पुरेनात म्हणून तो परिसरही विकला आणि २०१७ मध्ये येलच्या आश्रयाला गेली. धनिक व्यापारी कायमचे पुरत नाहीत. मोठ्या ठेवींची आशा करणाऱ्या प्रत्येक लहान सेमिनरीने हे भिंतीवर लिहून ठेवावं. उत्तर चर्चच्या बाकांवर बसलेल्यांकडेच आहे.

कारण हिशेब अवघड नाहीच मुळी. दोनशे कुटुंबांची एक मंडळी धरा. दर घराने महिन्याला दहा डॉलर, म्हणजे दोन कॉफींचे. वर्षाला २४,००० डॉलर होतात. त्यात एका विद्यार्थ्याची फी किंवा घरभाडं, निदान दोन्हींतलं एक, बऱ्याच ठिकाणी निघतं. शेजारची एक मंडळी बरोबर घेतली तर दोन्ही निघतात. वार्षिक सभेत पार्किंगच्या डांबराला हात वर होताच मंजुरी मिळते, नव्या स्क्रीनला मिळते, ध्वनियंत्रणेला तर उभं राहून मिळते. त्या ध्वनियंत्रणेतून बोलणार कोण, हा विषय मात्र ‘प्रार्थनेत ठेवू या’ म्हणून पुढच्या सभेवर जातो.

तेव्हा मंडळीतल्या ज्या मंडळींना हे वाचून राग आला असेल त्यांच्यासाठी एक सांगणं, मग ती ओहायोतली असोत की अमेरिकेत स्थिरावलेली आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबं. तुमच्या बाकावरून उठून एखादी मुलगी म्हणाली की मला पाचारण झालंय, तर डोळे पुसण्याआधी खजिनदाराला बोलवा. तिची फी, भाडं आणि विमा तीन वर्षांसाठी अंदाजपत्रकात घाला. तिच्याकडून श्रद्धापत्रिकेवर सही घेऊ नका आणि वचनचिठ्ठीही लिहून घेऊ नका. दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं की हे आपलं काम नव्हे, तर तिला प्रवासखर्च देऊन घरी आणा आणि वसुलीची नोटीस पाठवू नका.